पाचव्या उद्गाराची वेळ

उत्तम शुक्रवार कोणत्या तारखेला येणार हे चंद्र ठरवतो. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा आणि त्याआधीचा शुक्रवार त्याच्या मरणाचा, असा हा जुना हिशेब आहे. त्यामुळे आमच्या मिरजेत हा दिवस कधी रंगपंचमीच्या आगेमागे येतो, तर कधी हनुमान जयंतीला खेटून. २०२३ साली ६ एप्रिलला शेजारच्या घरातून आलेला सुंठवडा खाऊन झाला आणि दुसऱ्या दिवशी आमचा उपवास होता. तारीख अशी महिनाभर मागेपुढे सरकत असली, तरी ऊन मात्र कधी चुकत नाही. थंड देशांतील ख्रिस्ती साहित्यात या सप्ताहाभोवती वितळणारे बर्फ आणि कोवळी पालवी असते. आमच्याकडे रब्बीची ज्वारी काढून झालेली असते, कित्येक विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि भर दुपारी स्टेशन रोडवरचे रिक्षावालेसुद्धा सावली धरून बसलेले असतात. या दिवसाचा अर्थ मला जो काही लागला आहे तो या उन्हासकट लागला आहे, आणि मुख्यतः एकाच वाक्यातून लागला आहे.

आमच्याकडची या दिवसाची उपासना दुपारी बारा ते तीन अशी तीन तासांची असते. शुभवर्तमानांत सांगितले आहे की त्या दिवशी दुपारपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत देशावर अंधार पडला होता. उपासनेची वेळ त्यावरून आली. वधस्तंभावरून येशूने काढलेले सात उद्गार एकेक करून घ्यायचे, प्रत्येकावर मनन, प्रार्थना आणि गायन करायचे, ही पद्धत पेरू देशातील लिमा शहरात १६८७ च्या भूकंपानंतर एका जेझुइट धर्मगुरूने सुरू केली असे मानले जाते. तिथून ती रोमन कॅथलिक जगात पसरली, पुढे प्रॉटेस्टंटांनीही उचलली आणि मिशनऱ्यांबरोबर कृष्णाकाठी येऊन पोचली. इथे आल्यावर तिने आपले रूप थोडे बदलले. सातही उद्गारांवर एकटे पाळकसाहेब बोलत नाहीत; पहिला उद्गार त्यांचा, उरलेले सहा मंडळीतील सहा जणांचे. कोणी शिक्षक असतो, कोणी रेल्वेतून निवृत्त झालेला, कोणी बँकेत असतो, तर एखादी परिचारिका. वेदीवरील मेजावर त्या दिवशी काळे कापड असते, फुले नसतात, घंटा वाजत नाही. पेटी आणि तबला असतात, पण त्यांचा आवाज आवरून धरलेला असतो. ‘उपासना संगीत’ उघडून गायली जाणारी बरीच पदे नारायण वामन टिळकांची असतात, आणि ती गाताना मला नेहमी वाटते की या माणसाने आमच्या दुःखाला अभंगाची चाल दिली नसती, तर आम्ही अजूनही परक्या सुरांत रडत बसलो असतो. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ मांडला तो शेजारच्या साताऱ्यातच.

उद्गारांची वाटणी आठ-पंधरा दिवस आधी पंचकमिटीच्या बैठकीत होते, आणि ती पाहण्यासारखी असते. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ हा पहिला उद्गार पाळकसाहेबांचा, म्हणून त्याबद्दल बोलणेच नको. आईला आणि शिष्याला एकमेकांच्या हाती सोपवणारा तिसरा उद्गार बहुतेक वेळा महिला संघाकडे जातो. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ या चौथ्या उद्गारासाठी चढाओढ असते, कारण त्यात विद्वत्ता दाखवायला वाव आहे. मूळ अरामी शब्द उच्चारता येतात आणि बाविसाव्या स्तोत्राचा संबंध जोडता येतो. सहावा आणि सातवा विजयाचे मानले जातात, तेव्हा त्यांनाही माणसे मिळतात. पाचवा मात्र कोणी मागून घेत नाही. ‘मला तहान लागली आहे.’ बस, एवढेच. त्यात क्षमा नाही, वचन नाही, तत्त्वज्ञान नाही. शिवाय त्याची पाळी येते दीडच्या पुढे, जेव्हा पोटात सकाळपासून काही नसते, पंख्यांचा वारा गरम झालेला असतो, मुले बाकांवर आडवी झालेली असतात आणि आधीचे वक्ते ठरल्या वेळेपेक्षा जास्त बोलून गेलेले असतात. नवशिक्या वक्त्याला हा उद्गार दिला जातो, ‘छोटा आहे, जमेल तुला’ असे म्हणून.

माझ्या मते हा सगळा क्रम उलटा आहे. त्या दिवसाचा गाभा या छोट्या उद्गारात आहे.

हे वाक्य फक्त योहानाच्या शुभवर्तमानात आहे. शास्त्रलेख पूर्ण व्हावा म्हणून येशू असे म्हणाला, अशी पुस्तीही योहान तिथे जोडतो, आणि त्यामुळे वक्त्यांची सोय होते. ते लगेच स्तोत्रसंहितेकडे वळतात, बाविसाव्या स्तोत्रातील टाळूला चिकटलेली जीभ आणि एकोणसत्तराव्या स्तोत्रातील तहानेच्या वेळी दिलेली आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, दाखवतात, आणि मग ती तहान आत्म्यांची होती, पाप्यांच्या तारणाची होती, असे सांगून पुढच्या गायनाला वाट करून देतात. मी असे मनन इतक्यांदा ऐकले आहे की त्यातील वाक्ये मला आधीच कळतात. तारणाच्या तहानेला माझा विरोध नाही. पण जो माणूस आदल्या रात्रीपासून जागा आहे, ज्याला फटके मारून रक्तबंबाळ केले आहे, ज्याच्या खांद्यावर लाकूड देऊन गावाबाहेर चालवले आहे आणि ज्याला उन्हात टांगले आहे, त्याला आधी पाण्याची तहान लागते. योहानाने हे वाक्य लिहून ठेवले त्यामागे ही साधी गोष्ट असावी. ख्रिस्ताचा देह हा केवळ भास होता, देवाला खरे दुःख होऊच शकत नाही, असे मानणारे लोक त्या आरंभीच्या काळात होते. त्यांना उत्तर द्यायला याहून नेमके वाक्य सापडले नसते. भासाला घसा नसतो.

हे मला पटवून दिले ते एका निवृत्त सिस्टरनी. मिरज हे दवाखान्यांचे गाव आहे, आणि त्याची सुरुवात मिशनच्या दवाखान्यापासून आहे. विल्यम वान्लेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेचे इस्पितळ उभे राहिले, आणि सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. आमच्या मंडळीतील निम्मी घरे कधी ना कधी या दवाखान्याच्या पगारावर चालली आहेत. माझी आजीसुद्धा तिथे आया होती. या सिस्टरनी सगळी उमर ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात काढली होती. एका वर्षी पाचवा उद्गार त्यांच्याकडे आला, आणि त्यांनी बायबल उघडून वाचले, मिटले आणि वॉर्डाबद्दल बोलायला सुरुवात केली. पुष्कळ रक्त गेलेला माणूस शुद्धीवर आला की दुखण्याआधी पाणी सांगतो, असे त्या म्हणाल्या. पोटाच्या ऑपरेशननंतर पाणी द्यायचे नसते. रुग्ण हात जोडतो, शिव्या देतो, नातेवाईक रडतात, आणि सिस्टरला नाही म्हणावे लागते. मग वाटीत पाणी घेऊन, त्यात कापसाचा बोळा बुडवून, तो पिळून ओठांवरून फिरवायचा. ‘तेवढ्यासाठी माणूस मान उचलतो,’ त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताची दोन बोटे ओठांशी नेऊन त्यांनी ते कसे करायचे ते दाखवले. ‘काठीवर बोळा बसवून त्याच्या तोंडाशी नेणारा जो कोणी होता, त्याने माझी ड्युटी केली.’ सात मिनिटेही त्या बोलल्या नसतील. पण त्या दिवशी बाकांवर आडवी झालेली मुले उठून बसली होती, हे मला आठवते.

त्यानंतर मी तो प्रसंग पुन्हा नीट वाचला. त्यात पेये दोन आहेत. मार्काच्या सांगण्याप्रमाणे खिळण्यापूर्वी येशूला बोळ, म्हणजे एक कडू सुगंधी डिंक, मिसळलेला द्राक्षारस देऊ केला होता. तो गुंगी आणणारा असावा, आणि त्याने तो घेतला नाही. नंतर, अगदी अखेरीस, आंब आली, आणि ती त्याने घेतली. योहान स्पष्ट लिहितो की आंब घेतल्यावर तो ‘पूर्ण झाले आहे’ असे म्हणाला. म्हणजे सहावा उद्गार ओल्या ओठांनी निघालेला आहे. जी आंब तिथे भांड्यात भरून ठेवली होती ती कैद्यासाठी खास आणलेली नसावी. व्हिनेगर आणि पाणी मिसळलेले आंबट पेय हे रोमन शिपायांचे रोजचे पेय होते. लूकाने शिपायांनी आंब देऊन थट्टा केल्याचे लिहिले आहे, आणि स्तोत्राच्या आधारे पाहिले तर तहानेल्याला आंबट पाजणे हा छळच ठरतो. बहुतेक प्रवचने याच बाजूने जातात.

आमच्या घरी मात्र तीन वाजता उपवास सुटतो तो आंबिलीने. नाचणीची किंवा ज्वारीची आंबील, ताक घातलेली, लसूण आणि मीठ लावलेली, सकाळी करून माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेली. ज्याने चैत्रातल्या दुपारी उपाशीपोटी आंबिलीचा पहिला घोट घेतला आहे त्याला आंबट पेय म्हणजे क्रूरता हे पटवणे अवघड आहे. उन्हातून आलेल्या माणसाला आपण काय देतो? ताक, कोकम, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे. सगळे आंबटच. माझी आजी तर बिनदिक्कत सांगायची की तो शिपाई चांगल्या घरचा होता. शास्त्राच्या कसोटीवर तिचे म्हणणे कितपत टिकेल ते टिको, पण योहान त्या जागी थट्टेचा शब्द वापरत नाही, आणि आपल्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालणे हे शेवटचे कर्तव्य मानले जाते, मग तो परका असो की वैरी. त्या टेकडीवर आई उभी होती, पण तिचा हात तिथवर पोचत नव्हता. ते काम एका परक्या शिपायाने केले, स्वतःच्या भांड्यातून.

भांड्याचा विषय निघाला की योहानाच्या चौथ्या अध्यायाकडे जावेच लागते. दुपारची बाराची वेळ, चालून दमलेला येशू सूखारजवळच्या याकोबाच्या विहिरीवर बसला आहे, एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते आणि तो तिला म्हणतो, ‘मला प्यायला दे.’ ती चकित होते, कारण यहूदी लोक शोमरोन्यांबरोबर व्यवहार ठेवत नसत. ही गोष्ट परदेशी भाष्यकाराला टिपा देऊन समजावावी लागत असेल. महाराष्ट्रातल्या खेड्यात वाढलेल्या माणसाला ती टिपेशिवाय कळते. वरच्याने खालच्याकडे पाणी मागितले, तिच्या घागरीतले मागितले, यातला स्फोट कळायला आपल्याकडे कोणत्याही धर्मशिक्षणाची गरज नाही. आमच्या मंडळीतील कितीतरी घराण्यांच्या पणज्या विहिरीपासून दूर उभ्या राहून वरून ओतल्या जाणाऱ्या पाण्याची वाट पाहत असत.

म्हणूनच पाचव्या उद्गारावर बोलणाऱ्याने मसूरचे नाव घेतले तर मला ते विषयांतर वाटत नाही. मिरजेहून पुण्याला जाताना कराडनंतर हे छोटे स्टेशन लागते. १९०१ च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याहून काही मुले या स्टेशनावर उतरली. त्यांत भीमराव आंबेडकर होते, वय नऊ-दहा वर्षांचे. त्यांचे वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला रोखपाल होते, आणि मुले त्यांच्याकडे निघाली होती. न्यायला कोणी आले नव्हते. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला, गाडीवाले तयार होईनात, आणि शेवटी एकजण दुप्पट भाड्याने तयार झाला तो या अटीवर की मुलांनी गाडी हाकावी आणि तो बाजूने चालेल. बरोबर खाण्याचे भरपूर होते, भूक होती, पण वाटेत प्यायला पाणी मिळेना, आणि पाणी नाही म्हणून जेवणही झाले नाही. मध्यरात्री नाक्यावरच्या माणसाकडे पाणी मागितले, तिथेही नकारच मिळाला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे, आणि त्यातली एक गोष्ट मला दर वेळी थांबवते: त्यांचे वडील गोरेगावात ज्या कामावर होते ते दुष्काळग्रस्तांना रोजगार देण्यासाठी काढलेले तलाव खोदण्याचे काम होते. बाप तलावाच्या कामावर, आणि मुले त्याच जिल्ह्यात तहानेने रात्र काढतात. वधस्तंभाखाली भांडे भरलेले होते. मसूरच्या वाटेवरही पाणी नव्हते असे नाही. तहान बहुतेक वेळा पाण्याच्या अभावाने लागत नाही, मधे कोणीतरी उभे असते म्हणून लागते.

२०१६ सालचा उत्तम शुक्रवार २५ मार्चला होता. आदल्या दिवशी धुळवड झाली होती आणि पाणी वाचवा म्हणून राज्यभर कोरड्या होळीची आवाहने चालली होती. लातूर शहरात त्याच मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊन हाणामारी होऊ नये म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. त्या दुपारी आमच्याकडे पाचव्या उद्गारावर कोण बोलले ते मी विसरलो आहे, पण त्याने लातूरचे नाव काढले नाही, आणि आमच्यापैकी कोणालाही त्यात काही उणे वाटले नाही. पुढे सतरा दिवसांनी, ११ एप्रिलला, मिरज स्टेशनातून पाण्याची पहिली गाडी निघाली. प्रत्येकी सुमारे पन्नास हजार लिटरच्या दहा टाक्या, त्यात कृष्णेचे पाणी. दुसऱ्या दिवशी पहाटे ती लातूरला पोचली. पुढे टाक्या पन्नास झाल्या, आणि ‘जलदूत’ म्हणून ही गाडी पुढचे काही महिने धावत राहिली. मिरजेच्या यार्डात ती भरत असताना बघ्यांची गर्दी व्हायची. आमच्या मंडळीतील रेल्वेवाले त्या कामात होते, आणि त्यांच्यापैकी एक गृहस्थ चर्चच्या आवारात उभे राहून टाक्या धुण्यापासून भरण्यापर्यंतचे सगळे तपशील सांगत. मी ते ऐकताना मनात म्हणत होतो की पाचव्या उद्गारावरचे त्या वर्षीचे खरे मनन हे आहे, फक्त ते दोन आठवडे उशिरा आणि व्यासपीठाखाली झाले. आणि हेही खरे की त्या उन्हाळ्यात सांगली जिल्ह्याच्याच जत आणि आटपाडी भागात टँकरची वाट पाहणारी गावे होती, ज्यांच्यासाठी कोणी कॅमेरे लावले नव्हते.

त्या उन्हाळ्यानंतर तरुण संघाने चर्चच्या फाटकाशी उत्तम शुक्रवारी पाणपोई लावायला सुरुवात केली. चार माठ, त्यांना ओली फडकी, साखळीने बांधलेले स्टीलचे पेले आणि वर कापडी मांडव. ती पुढे पावसाळ्यापर्यंत चालते. पण तिच्यावरून पंचकमिटीत जो वाद झाला तो त्या दिवसाच्या अर्थाचाच वाद होता, असे मला वाटते. मुलांचे म्हणणे होते की पाणपोई बारा वाजता उघडली पाहिजे, कारण उन्हाची वेळ तीच. वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते की बारा ते तीन ही प्रभूच्या दुःखाची वेळ. तेव्हा तरुणांनी आत असावे, पाणपोई तीननंतर उघडावी, आणि आत लोक घोटभर पाण्याविना बसलेले असताना फाटकाशी पेल्यांचा खणखणाट बरा नव्हे. एका पंचांनी तर विचारले की उपवासाच्या दिवशी ख्रिस्ती माणूसच बाहेर पाणी पिताना दिसला तर काय करायचे? ‘त्याला दुसरा पेला द्यायचा,’ असे उत्तर मागच्या बाकावरून आले आणि बैठक थोडी सैल झाली. मी मुलांच्या बाजूने बोललो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा ‘मी तान्हेला होतो तेव्हा तुम्ही मला प्यायला दिले’ असे म्हणतो, तेव्हा किती वाजता दिले हे विचारत नाही, एवढेच म्हणालो. त्यावर एक आजोबा रागावले आणि त्यांनी आठवडाभर माझ्याशी बोलणे टाकले.

शेवटी तोडगा निघाला तो असा: पाणपोई बाराला उघडते, दोघे-दोघे एकेका उद्गाराच्या वेळेपुरते बाहेर थांबतात आणि उद्गार बदलला की माणसे बदलतात. फाटकाशी बसलेल्यांना आतले ऐकू यावे म्हणून एक स्पीकर खिडकीत ठेवला आहे, पण रस्त्यावरच्या एसटीमुळे त्यातले फारसे कळत नाही. पाचव्या उद्गाराच्या वेळी बाहेर बसण्यासाठी आता मुलांमध्ये चढाओढ असते. आत त्या उद्गारावर बोलायला मात्र अजूनही कोणी आपणहून पुढे येत नाही, आणि मागच्या बैठकीत तो, ‘छोटा आहे, जमेल तुम्हाला’ असे म्हणून, माझ्याच गळ्यात मारण्यात आला आहे.